दातातला दोरा

"हलू नकोस गं, नाहीतर पायालाच टाका बसेल," लुद्विका खाली बसून म्हणाली.

"बसू दे. तिथं आधीच पुष्कळ आहेत," गेनिया म्हणाली, आणि दोघी खुदकन हसल्या.

कोर्टाचा जिना चढताना गेनियाच्या स्कर्टची शिवण उसवली होती, आणि पुढची साक्ष तिचीच होती. दोघी पोलंडमधल्या लुब्लिनहून जर्मनीला आल्या होत्या. युद्धात, नाझींच्या छळछावणीत, एका जर्मन लष्करी डॉक्टरने प्रयोगासाठी त्यांचे धडधाकट पाय चिरले होते. आज तो आत आरोपीच्या पिंजऱ्यात होता. यातली एकही बाई मला आठवत नाही, असं त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं.

"त्याचं तोंड बघून मीच सगळं विसरले तर? सुटेल गं तो."

"म्हणून तर हा धर दातात," म्हणत लुद्विकाने तिच्या तोंडात दोऱ्याचा तुकडा कोंबला. अंगावरचा कपडा शिवताना दातात दोरा धरावा, नाहीतर कपड्याबरोबर आठवणही शिवली जाते, हे लुब्लिनचं शेंबडं पोरही सांगेल.

तेवढ्यात पुकारा झाला. लुद्विकाने शेवटची गाठ मारली. गेनिया लंगडत आत गेली, शपथेला उभी राहिली, आणि दोरा दातातच राहिला.

"काय चघळताय, बाई?" डॉक्टरच्या वकिलाने विचारलं.

गेनिया लाजली. दोरा काढून तिने खरं काय ते सांगितलं. दुभाष्याने ते सगळ्यांना ऐकवलं. न्यायाधीश हसले, बाकांवरचे लोक हसले, पिंजऱ्यात डॉक्टरही हसला. वकिलाला तर आयतंच सापडलं.

"मग छावणीत तुमच्या पायाला टाके घातले, तेव्हा दातात दोरा कुठला असणार? म्हणजे तुमच्याच हिशेबाने तुमची आठवण शिवली गेली."

गेनियाने मागे लुद्विकाकडे पाहिलं. तिची भीती कुठल्या कुठे पळाली.

"होता की," ती म्हणाली. "मला उचलून नेताना या लुद्विकानंच घोंगडीतून ओढून माझ्या दातात दिला होता. मला सगळं आठवतंय. नवल वाटतं ते वेगळंच. शिवलं मला, आणि विसरले डॉक्टर."