डोळा हलवू नका

नियम चौथा: मार्गदर्शकाच्या परवानगीशिवाय कोणत्याही यंत्राला डोळा लावू नये.

एक काळं फडकं, चौपट घडी घातलेलं, मार्गदर्शक प्रविणच्या पँटच्या खिशात.

एकोडीहून निघालेला टेम्पो. बचत गटाच्या एकोणीस बाया, चार पुरुष.

नवऱ्याच्या थोरल्या भावाला, म्हणजे भासऱ्याला, भावसुनेचा पदरही लागू नये.

वेधशाळेच्या मार्गदर्शकाचा करार अकरा महिन्यांचा. अकरावा महिना रविवारी संपणार.

सकाळचे साडेदहा. टेकडीच्या माथ्यावर, घुमटाबाहेरच्या ओट्यावर दुर्बीण मांडली होती. मोठ्या नळीच्या तोंडावर सूर्य मवाळ करणारी काच बसवलेली. नळीच्या पाठीवर दुसरी एक छोटी नळी. रात्री तारा हुडकायला ती लागते. तिला तशी काच नाही, म्हणून दिवसा झाकून ठेवायची. तिचं टोपण दिवाळीत फुटलं. प्रविणनं नवीन मागितलं, ते आलं नाही. तेव्हापासून तो तिच्यावर काळं फडकं बांधत होता. आज केंद्रप्रमुखांची नजर त्यावर पडली. येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांच्या फोटोत ही चिंधी दिसायला नको, असं ते म्हणाले. प्रविणनं फडकं सोडलं. आपण बाजूलाच उभे राहणार, मग तिथं कोण कशाला डोळा लावतो?

त्यानं बायांना रोजच्यासारखं समजावलं. नुसत्या डोळ्यानं सूर्याकडे पाहायचं नाही. दुर्बिणीला हात लावायचा नाही. एक डोळा तळव्यानं झाकायचा. सुरुवातीला काहीच कळणार नाही. डोळा हलवू नका, थांबा, हळूहळू सूर्यावरचे काळे डाग दिसतील. ज्याला घाई असेल त्यानं घरी जाऊन तव्यातली भाकर पाहावी, असंही तो म्हणाला. बाया पदरात हसल्या.

आधी पुरुष. त्यांच्यात शेवटी अमर. त्यानं भुवई, नाक, गाल सगळं टेकवून बराच वेळ पाहिलं. त्याच्या मागं बायांची रांग, आणि रांगेत पहिली रिता, त्याच्या धाकट्या भावाची बायको. तेवढ्यात खालून पाहुण्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. केंद्रप्रमुखांनी प्रविणला हाक मारली. तो पायऱ्यांपर्यंत गेला. हाराचं तबक घेतलं, पुढं केलं, वळला.

भासऱ्यानं जिथं तोंड टेकवलं, तिथं रिता तोंड कशी टेकवणार? मोठ्या नळीपाशी ती गेलीच नाही. छोटी नळी मोकळी होती. ती वाकली आणि उजवा डोळा तिला लावला. बाकी साऱ्यांना एक डोळा झाकायला शिकवावं लागतं. हिनं दुसऱ्या डोळ्यावर हातही नेला नाही. आणि सांगितल्याप्रमाणे ती अजिबात हलली नाही.

प्रविणनं धावत जाऊन तिला दंडाला धरून ओढलं.

"दिसला जी डाग," रिता म्हणाली. तिला आनंद झाला होता. तिनं ओट्याकडे पाहिलं, बायांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "भाऊ, तुमच्या तोंडावरबी दिसून राहिला."

प्रविणला प्रशिक्षणात सांगितलं होतं, की डोळ्याच्या आतला पडदा जळतो तेव्हा दुखत नाही.

नियम अकरावा: इजा झाल्यास तात्काळ रुग्णवाहिका बोलवावी व अपघाताचा फॉर्म भरावा. फाटकाजवळचा नियमांचा फलक प्रविणच्याच अक्षरातला. त्यानं फोन काढला. केंद्रप्रमुख पाहुण्यांना घुमटात बसवून आले आणि हळू आवाजात बोलले. उजेडानं अंधारी येते, पाच मिनिटांत जाते. फॉर्म भरला तर चौकशी येईल. फडकं कोणाच्या हातानं सुटलं हेही त्यात येईल. रविवार जवळ आहे.

रिताला पळसाच्या सावलीत बसवलं होतं. तिची सासू गिरजाबाई पदरानं वारा घालत होती, आणि घालता घालता सर्वांना ऐकवत होती. "घरी हाताशी ठेवलेलं भांडं दिसत नाही इले, लाथाडत जाते. अन् इथं सूर्याचे डाग पाहाले चालली." बाया पुन्हा हसल्या. अमर लांब, पाठ करून उभा होता.

प्रविण तिच्यासमोर उकिडवा बसला. फोन अजून हातातच होता.

"वहिनी, खरं सांगा. दुसऱ्या डोळ्यानं दिसते ना?"

गिरजाबाईचा पदर थांबला. रितानं तोंड सासूच्या बाजूला वळवलं.

"दिसते."

"साफ?"

"साफ दिसते जी."

प्रविणला इतकं हलकं वाटलं की त्याचीच त्याला लाज वाटली. एक डोळा शाबूत होता. एका डोळ्यावर माणूस सुई ओवतं, धानाची रोवणी करतं, सगळं करतं. उजव्याचंही पाहू, भंडाऱ्याला डॉक्टर आहेत, दोनचार दिवसांनी जातील हे लोक. त्यानं फोन खिशात, फडक्यावर, ठेवला. वहीत लिहिलं: एकोडी, अभ्यागत तेवीस, अपघात निरंक.

उतरताना रितानं गिरजाबाईच्या खांद्यावर हात ठेवला. प्रत्येक पायरी ती आधी पायानं चाचपत होती. सून आज लईच लाडात आली, असं गिरजाबाई पुढच्या बाईला सांगत होती. प्रविण वरून, रोज म्हणायचा तसं, सावकाश म्हणाला, कठडा धरा म्हणाला.

रिताचा डावा डोळा नवव्या वर्षी भावाची गिल्ली लागून गेला होता. वरून धड दिसायचा, म्हणून लग्न जुळवताना तिच्या माहेरच्यांनी तो सांगितला नव्हता.