खांद्यावरचं कोकरू

"आता हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकालाबी पटायचं नाय," म्हणत सांडूआबांनी बशी खाली ठेवली.

चिकलठाण्याच्या त्या टपरीवर आबांचं काहीच कुणाला पटत नसे. नुसत्या काठीनं तीन लांडगे पळवल्याची गोष्ट अतुल टपरीवाल्यानं निदान चाळीसदा ऐकली होती. आता लांडगे अकरा झाले होते.

आज मात्र गोष्ट नातीची होती. ही नात, संस्कृती, समोरच्या कंपनीत संगणकाच्या तयार फंक्शनांची, म्हणजे ठरावीक काम करून देणाऱ्या आज्ञांची, माहिती लिहायची: कशाला काय द्यायचं, परत काय मिळतं, कुठं अडतं. तिचं लिखाण तीनदा परत आलं. चौथं परवा गेलं होतं. पटलं तर पोरगी कायम, नाहीतर घरी. चार दिवस धड जेवली नाय, हे सांगताना आबांचा आवाज उतरला.

"मग, काय लिहिलं तिनं?" बाकाच्या टोकाच्या बाईंनी विचारलं. गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालेलं, हातातला चहा तसाच.

नवा कान मिळाला तसे आबा खुलले. पोरीनं आधीचं सगळं फेकलं म्हणे, आणि नव्यानं मांडलं. मोजणीचं फंक्शन म्हणजे मेंढवाड्याच्या तोंडाशी उभा माणूस. वाडा रिकामा असला तर तो बोंबलत नाय, गुमान शून्य सांगतो. आणि कुणाच्या खांद्यावर, झोळीत कोकरू असलं, तर ते त्याच्या मोजणीत येत नाय. यायला हवं, तर आधी वाड्यात सोडा.

"वाटंत जन्मलेलं असतंय ना," आबा म्हणाले. "मोजताना हटकून राहतंय."

अतुल किटली हातात धरून तसाच उभा राहिला. आबांची गोष्ट त्याला पहिल्यांदाच खरी वाटत होती. बाईंनी मात्र कोकराचं पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"अन् तुम्ही काय केलं, आबा?" बाईंनी पुढं विचारलं.

"म्या? म्या घोरत होतो. मला त्यातलं काय कळतंय?"

"मेंढरं आहेत अजून?"

"कुठली, बाई. विकून तीस वर्षं झाली."

"संस्कृती तर चोवीसची." बाईंनी ओळखपत्र सुलटं केलं. "खोटं बोलताय, आबा. तीनदा परत पाठवणारी मीच. ते कोकरू तिनं जन्मात पाहिलेलं नाही, चौथं लिखाण तुमच्या तोंडचं आहे. आता तुम्हीच सांगा, कायम कुणाला करू?"