साक्रीची गेंदा

"गेंदाला आज आठ मीटर लेस," धनकुंवरअक्का पुडी बांधता बांधता म्हणाल्या. "आणि हा सुंठीच्या लाडवांचा डबा. डोंगराकडे थंडी फार."

हेमलताने खोकला दाबत पार्सल पिशवीत टाकलं आणि नेहमीचंच वाक्य म्हटलं, "जाता जाता साक्रीच्या एसटीत देते."

पार्सल एसटीपर्यंत कधी पोचतच नव्हतं. ते हेमलताच्या भाड्याच्या खोलीत, खाटेखाली जात होतं. पाच महिन्यांची लेस, फॉल आणि गोंडे तिथे साठले होते. लाडू मात्र साठत नव्हते.

हेमलता एका संस्थेत कामाला होती. छोट्या दुकानदारांना मोबाइलवरून माल विकायला शिकवायचं, त्यांचे एक दिवसाचे स्टॉल लावून द्यायचे, हे तिचं काम. जळगावातलं अक्कांचं फॉल-लेसचं दुकान तिच्या वाट्याला आलं होतं. यजमान भिकमचंदशेठ गेल्यापासून सत्तरीच्या अक्का गल्ल्यावर एकट्याच बसत. फोटो काढून झाले, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग चढला आणि महिनाभर एकही ऑर्डर आली नाही. अक्का दर दहा मिनिटांनी फोन उघडून बघायच्या आणि मुकाट्याने बाजूला ठेवायच्या. हेमलताला ते बघवेना. एका संध्याकाळी तिने जुन्या फोनमध्ये दुसरं सिम घातलं, स्वतःच्या पैशाने ऑर्डर दिली आणि साक्रीच्या गेंदाचा जन्म झाला.

गेंदा नुसती ऑर्डर देऊन थांबली असती तर बरं झालं असतं. पण अक्का रोज संध्याकाळी तिला लिहायच्या, "गेंदा, जेवलीस का?"

असं विचारणारं हेमलताला दुसरं कुणी नव्हतं. आई गेली, भावाने धुळ्याचं घर विकलं, आणि तेव्हापासून ती जेवते की उपाशी झोपते याची कुणाला पडलेली नव्हती. मग गेंदा उत्तरं द्यायला लागली. आज भात करपला. आज वरणाला फोडणी घालायचाही कंटाळा आला. आज कामाखेरीज कुणाशी एक शब्द बोलले नाही. नाव तेवढं खोटं होतं, बाकी सगळं खरं.

अक्कांनी गेंदाला कधी फोन लावला नाही, हे हेमलताचं नशीबच म्हणायचं. दिवाळीत गेंदासाठी मोहनथाळ आणि मोरपंखी ब्लाउजपीस गेला. त्या दिवाळीत हेमलता खोलीतच होती. तो मोहनथाळ तिने चार दिवस पुरवून पुरवून खाल्ला.

सुंठीचे लाडू दिले त्याच्या पुढच्याच आठवड्यात संस्थेचे अखिल सर यादी घेऊन दुकानात आले.

"या दुकानाला गिऱ्हाईक एकच आणि नंबरही एकच. हेमलताताई, ही बाई खरंच आहे ना? मला एकदा दाखवा. नाहीतर दुकान यादीतून जाईल आणि तुमच्या कामाचाही विचार करावा लागेल."

हेमलता उगाच फोनवरचा कॅटलॉग चाळू लागली. अक्का मात्र गोंडे गुंडाळत शांतपणे म्हणाल्या, "मग साक्रीच्या बाजारात स्टॉल लावू. शेठ तिथे वीस वर्षं बसले, मीही सोबत असायची. गेंदा येईल की भेटायला."

साक्रीच्या एसटीत हेमलताने खरं सांगायचं तीनदा मनाशी ठरवलं आणि तीनदा गिळलं. नोकरी गेली तर दुसरी मिळाली असती. पण खरं कळल्यावर संध्याकाळचा तो प्रश्न कायमचा बंद होणार, ही भीती तिला जास्त होती. अक्कांनी दशमी पुढे केली, तीही तिला गेली नाही.

बाजारात टेबल मांडलं, त्यावर गोंडे लटकवले, पैसे घ्यायचा क्यूआर उभा केला. बायका जमल्या, लेस हातात धरून ओढून बघू लागल्या. विक्रीही बरी होत होती. अकराच्या सुमाराला अखिल सर आले.

"कुठे आहे तुमची गेंदा?"

"सर, खरं सांगायचं तर..." हेमलताने सुरुवात केली.

तेवढ्यात गर्दीतून डोक्यावर पदर घेतलेली एक बाई पुढे आली. "अक्का, वळखं का माले? मी गेंदा."

"ये, ये. लाडू कसे झाले होते?"

"बठ्ठा संपनात," बाई हसून म्हणाली. एकही उरला नव्हता म्हणे.

हेमलता बघतच राहिली. सरांनी बाईला फोन दाखवायला सांगितलं. "पोऱ्या लई गया," ती म्हणाली, म्हणजे फोन मुलाने नेला होता. सरांनी अक्कांशेजारी उभं करून तिचा फोटो काढला, यादीवर खूण केली आणि निघून गेले. अक्कांनी बाईच्या हातात चार गोंडे ठेवले. कांद्याच्या रांगेतून कुणी "ओ बिजलीबाई" अशी हाक मारली, तशी ती वळली आणि लगबगीने गेली.

म्हणजे बाई लबाड निघाली. फुकटच्या गोंड्यांसाठी तिने भोळ्या अक्कांना सरळ सरळ फसवलं होतं. आणि त्या फसवणुकीमुळेच आपण वाचलो, या विचाराने हेमलताला स्वतःची लाज वाटली. तिचीही फसवणूक काही वेगळी नव्हती.

परतीच्या एसटीत अक्का खिडकीशी बसल्या होत्या. ऊन उतरलं होतं.

"गेंदाला भेटून बरं वाटलं," अक्का म्हणाल्या. "तिला दोन शब्द लिहिते."

त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं. हेमलताच्या मांडीवरच्या पर्समध्ये दुसरा फोन थरथरला. ती मुद्दाम मोठ्याने खोकली. अक्कांनी आपला फोन पिशवीत ठेवला, डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

त्यांना झोप लागली असं वाटल्यावर हेमलताने अंग वळवून हळूच दुसरा फोन बाहेर काढला.

"हेमलता, जेवलीस का?"