बंदरावरचा निवांत दिवस

किल्ल्यापुढच्या बाकावर मुलानं आइस्क्रीमचा कोन माझ्या हातात ठेवला, तेव्हाच संशय यायला हवा होता. सेंट ऑगस्टिन हे फ्लोरिडातलं जुनं स्पॅनिश बंदर. सकाळपासून दगडी गल्ल्यांतून नातवाची बाबागाडी ढकलून माझे खांदे गळून गेले होते. "निवांत वाटतंय ना, आई? खास तुझ्यासाठी सुट्टी घेतलीय." "हं." "सीमाच्या आईबाबांचं येणं कॅन्सल झालंय. तुझा व्हिसा सहा महिने एक्स्टेंड करूया." सीमा, माझी सून, लगेच किल्ल्यावरच्या तोफांचे फोटो काढायला वळली. म्हणजे ही सहल लाच होती. अमेरिकेत आल्यापासून मी पहाटे उठून दूध, डायपर, डबे करत होते आणि सांगलीचं माझं घर कुलपात होतं. "माझं तिकीट बदलायचं नाही," मी म्हणाले. "अगं, मग बाळाला डे-केअरमध्ये टाकू? तिथं सगळी परकी माणसं!" "असू दे. परक्यांना संध्याकाळी घरी तरी जाता येतं."