पोराच्या जागी

"कुठं उकिरडे फुंकत होतास? जा, त्या टोळक्यातच राहा!" शेवंताबाई कमरेवर हात ठेवून सुदामवर कडाडली, आणि समाजमंदिरात बसलेले आईबाप खो खो हसले.

सुदामचा पोरगा परवा चोरीच्या मोटारसायकलवर सापडला होता. पोलिसांनी समज देऊन सोडला. म्हणून पालकांची बैठक घेणाऱ्या ताईंनी छोट्या नाटकात सुदामला पोरगा केलं होतं, शेजारच्या शेवंताबाईला बाप. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिला सुदामचं पोरावरचं ओरडणं सगळं पाठ होतं.

"आता पोरगा काय करेल?" ताईंनी विचारलं.

सुदामचं हसू मावळलं. "टोळक्यात जाईल," तो पुटपुटला. "दुसरं कुठं जाणार?"

संध्याकाळी पोरगा दाराशी घुटमळला. ओठांवर आलेलं सुदामनं गिळलं.

"हातपाय धू. तुझ्यासाठी जेवायचा थांबलोय."