दादाला वाचून दाखवणारी

"सही करणार नाही मी," असं म्हणून तिने कागद टेबलावरून परत सरकवला.

मुख्याध्यापकांनी तो हाताने चाचपून घेतला आणि कडेला ठेवला. "पेन चालत नसेल तर दुसरं देतो."

"दादा, थट्टा नको."

साऱ्या शाळेचे ते सर. तिचा मात्र, सख्खा नसला तरी, दादा. त्याला जन्मापासून दिसत नव्हतं. याच सरकारी शाळेत तो सातवीत होता तेव्हा ती तिसरीत होती. आज तिची लेक तिसरीत होती आणि बाहेर बाकावर पाय हलवत बसली होती.

कागदात एवढंच होतं की मुलीला रोज एक तास कोपऱ्यातल्या खोलीत पाठवायला पालकांची संमती आहे. ती खोली ज्यांना जास्तीची मदत लागते अशा मुलांची. तिथल्या बाईंनी लेकीला तपासून सांगितलं होतं, की डोकं तल्लख आहे, पण अक्षरं तिच्यासमोर स्थिर राहत नाहीत. वाचता वाचता एका ओळीवरून भलत्याच ओळीवर उतरते.

"आळस आहे सगळा," ती म्हणाली. "मलासुद्धा लहानपणी वाचायचा कंटाळाच होता. मोठी झाल्यावर गेला आपोआप. आज औषधाच्या दुकानात बसून डॉक्टरांचं अक्षर लावते. अजून काय हवं?"

"आपोआप गेला म्हणतेस?"

"नाहीतर काय! मला कोणी बसवलं होतं त्या खोलीत?"

दादा हसला. "बसायचीस की. रोज."

"तुझ्यासाठी, दादा. ते वेगळं."

ते वेगळंच होतं. बोलता बोलता तिचा आवाज मऊ झाला. दुपारी वर्ग सुटले, घरी जेवण झालं, की ती धावत त्या खोलीकडे जायची. आतला नळ टपटपत असायचा, फळ्याखाली खडूचा चुरा साचलेला असायचा आणि खिडकीपाशी दादा मान तिरकी करून बसलेला असायचा. तिची पावलं ऐकली की म्हणायचा, "आला माझा चष्मा!" चष्मा तिने कधी लावला नव्हता, पण शाळाभर ती चष्मेबाई झाली ती तेव्हापासून.

ती पुस्तक उघडायची आणि त्याला वाचून दाखवायची. अडखळायची, चुकायची, रडकुंडीला यायची. तो कधी वैतागला नाही. "सावकाश. मला कुठे गाडी पकडायची आहे?" म्हणायचा. खोलीतल्या बाईंनी तिला एक पुठ्ठा दिला होता. त्याला मधोमध फट होती, एका वेळी एकच ओळ दिसेल एवढी. "म्हणजे त्याचं लक्ष विचलित होणार नाही," बाई म्हणाल्या होत्या. एखादा शब्द तिने गाळला की दादा लगेच बोट वर करायचा. "थांब. काहीतरी सुटलं बघ." केवढे तिखट कान, असं ती घरी कौतुकाने सांगायची.

घरी आई इस्त्रीच्या टेबलापाशी उभी असायची. लोकांच्या कपड्यांवर त्यांचं घर चालायचं. पोरीला खेळायलासुद्धा तिने कधी मोकळं सोडलं नाही, पण या कामाला मात्र एकदाही आडकाठी केली नाही. जेवायला घरी आलेली ती कपड्यांच्या घड्या घालत रेंगाळली, की आईच तिच्या हातातून कपडे काढून घ्यायची. "ऊठ गं, तो खोळंबला असेल. त्याचं तुझ्यावाचून अडतं."

तुझ्यावाचून अडतं! त्या शब्दांवर ती तीन वर्षं तरंगत होती. वर्गात सगळ्यांत मागे बसणारी, कुणाच्या खिजगणतीत नसणारी ती, पण त्या एका तासापुरती तिच्यावाचून कुणाचं तरी अडत होतं.

"किती छान दिवस होते रे ते," ती म्हणाली. मग तिला एकदम कशासाठी आलोय ते आठवलं. "म्हणून सांगते, ती खोली मला नवी नाही. पण मी मदत करायला जायचे, आणि माझी लेक 'मदत लागणारी' म्हणून जाणार. पोरं चिडवतील. घरचे म्हणतील, मुलीत खोट आहे. आत्ताच रोज सकाळी पोट दुखतं म्हणते, वह्या गादीखाली लपवते. त्यात हा शिक्का नको. जास्त आग्रह केलास तर नाव काढून नेते मी तिचं."

"घरी बसवशील?"

"बसवीन."

मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली, पोरांचा गलका उठला आणि विरला.

"आई जाऊन किती वर्षं झाली गं तुझी?"

"तीन होतील. का?"

"शब्द दिला होता त्यांना. पण आता त्यासुद्धा रागावणार नाहीत, असं वाटतं." त्याने खुर्ची पुढे ओढली. "चष्मेबाई, तू वाचून दाखवलेलं प्रत्येक पुस्तक मी आधीच वाचलेलं असायचं. ब्रेलमध्ये. सकाळी लवकर येऊन, तुझ्याआधी."

ती बघतच राहिली. "मग मला कशाला बसवायचास?"

"मी नाही बसवलं. त्या खोलीच्या यादीत माझं नाव कधीच नव्हतं, तुझं होतं. तुझ्या आईने संमतीच्या कागदावर अंगठा उठवला, तोही एकाच अटीवर, की पोरीला वाटू दे, ती कुणाला तरी मदत करायला जातेय."