दोन खाचांची नांगी

भिंगावरून मान वर करत श्रावणी म्हणाली, "सर, ही चुटकी वाजवणारी कोळंबी नव्या जातीची दिसते." पुस्तकात असं बिनकाट्याचं डोकं एका जातीचं होतं आणि अशी दोन खाचांची मोठी नांगी भलत्याच जातीची. दोन्ही एकत्र कुठेच नव्हतं. नांगी बाटलीत सुटी पडली होती, पण तशी ती नेहमीच गळते.

गाइडसर हरखले. "जातीला माझंच नाव द्या, असं मी म्हणणार नाही," असं ते दोनदा म्हणाले. तेव्हा नाव सरांचंच ठरलं. शोधनिबंधावरही नेहमीप्रमाणे आधी सर, मग ती.

दुपारी खडकांतून कोळंब्या पकडून देणाऱ्या सुगंधामावशी नव्या बाटल्या घेऊन आल्या. "मागची थोटीच गावली होती गो. दुसरी धरली, तर ती नांगी माझ्या हातात सोडून पळाली. म्हटलं, तुझं काम अडायला नको. टाकली तीच बाटलीत."

श्रावणी आपण काढलेल्या चित्राकडे बघत राहिली. धड एकीचं, नांगी दुसरीची, आणि खाली सरांचं नाव.

ती केबिनमध्ये गेली. "सर, या शोधाचं सगळं श्रेय तुमचंच. निबंधावरून माझं नाव काढते."

सरांनी मोठ्या मनाने परवानगी दिली.